रांगेचा धर्म

वर्षभर पहाटेच्या मिस्साला डोळे चोळत येणाऱ्या, उपवासकाळात क्रूसाच्या वाटेच्या वेळी मेणबत्त्या धरून उभ्या राहणाऱ्या मुलांना वर्षातून एक दिवस मनसोक्त हुंदडायला मिळावे, असा आमच्या धर्मग्रामात जुना रिवाज आहे. पूर्वी ही सहल अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाई, नाहीतर वसईच्या किल्ल्यात. घरून आणलेले डबे, एक चेंडू आणि एक दोरखंड एवढ्या भांडवलावर दिवस सरे. आता मुलांच्या अपेक्षा बदलल्या आहेत आणि आपणही बदलले पाहिजे, असे सहलीच्या बैठकीत सर्वांनी सांगितले. म्हणून गेल्या मे महिन्यात वेदीसेवक आणि गायनवृंद मिळून बावन्न मुलामुलींना घेऊन मी एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो. तिकिटाचे अर्धे पैसे धर्मग्रामाच्या निधीतून दिले, अर्धे घरच्यांनी भरले. दोन-तीन घरांनी ते दोन हप्त्यांत आणून दिले, हे मुद्दाम नमूद करतो.

उद्यानाच्या दारात तिकिटे दोन प्रकारची आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळले. एक साधे, दुसरे जवळजवळ दुप्पट किमतीचे. दुसरे तिकीट घेतले की कोणत्याही पाळण्याच्या रांगेत उभे राहावे लागत नाही; बाजूच्या वेगळ्या वाटेने थेट पुढे जाता येते. साध्या तिकिटाला मनगटावर निळी पट्टी, महागड्याला सोनेरी. आमच्या बरोबर आलेल्या एका पालकांनी आपल्या मुलासाठी आणि त्याच्या पाच मित्रांसाठी सोनेरी पट्ट्यांची आधीच तजवीज करून ठेवली होती. गृहस्थ मनाने उदार आहेत. धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्याला त्यांचा हात सढळ असतो. "फादर, तुम्ही उन्हात उभं राहायचं नाही. तुमचीही काढलीय," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या मनगटावर सोनेरी पट्टी बांधली. मी त्यांचे आभार मानले.

पहिलाच पाळणा मोठा होता. लोखंडी कठड्यांच्या चार वळणांत माणसे कोंबल्यासारखी उभी होती. आमची शेहेचाळीस मुले त्या वळणांत शिरली. मी आणि ती सहा मुले बाजूच्या मोकळ्या वाटेने चालू लागलो. दोन्ही वाटांमध्ये कमरेएवढा कठडा होता. आपल्याच मुलांच्या अंगावरून, हातभर अंतरावरून आम्ही पुढे गेलो. कुणी हात हलवला, कुणी हसले, कुणी मान फिरवली. पाच मिनिटांत आम्ही पाळण्यात बसलो, किंचाळलो, उतरलो. परत आलो तेव्हा आमची मुले फार तर वीस पावले पुढे सरकली होती. गायनवृंदातील सातवीतली एक मुलगी कठड्याला टेकून उभी होती. तिने मला विचारले,

"फादर, आम्ही आधी आलो होतो ना?"

तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. गणिताचे उत्तर पुस्तकात निराळे दिसले की मुले शिक्षकांना विचारतात, तसा तो प्रश्न होता. मी म्हणालो, "त्यांनी जास्त पैसे भरलेत, बाळ." हे वाक्य मी आयुष्यात असंख्य वेळा इतरांच्या तोंडून ऐकले असेल, स्वतःच्या तोंडून ते ऐकण्याची ती पहिली वेळ होती. मी पट्टी काढून खिशात ठेवली आणि दिवसभर झाडाखाली बसून राहिलो. त्याने मुलांची रांग काही कमी झाली नाही. संध्याकाळी मोजले तेव्हा निळ्या पट्टीवाल्यांचे चार पाळणे झाले होते, सोनेरी पट्टीवाल्यांचे अकरा.

परतल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. आमच्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झाला आहे. त्याच्याशी फोनवर बोललो. तो आपल्या कुटुंबाला घेऊन तिथल्या डिस्नेलँडला जाऊन आला होता. त्याच्याकडून आणि नंतर थोड्या वाचनातून जो इतिहास समजला, तो सांगण्याजोगा आहे.

वॉल्ट डिस्ने यांनी हे उद्यान १७ जुलै १९५५ रोजी सुरू केले. पहिल्या काही वर्षांत तिथे तिकिटांची पुस्तिका मिळे. साध्या पाळण्याला एका अक्षराचे तिकीट, अधिक थरारक पाळण्याला दुसऱ्या अक्षराचे. म्हणजे पैशांचा फरक तेव्हाही होता. मात्र तिकीट हाती घेतल्यावर प्रत्येक पाळण्यापुढची रांग सर्वांना एकच होती. १९८२ साली पुस्तिका बंद झाल्या आणि एकदा दारात पैसे भरले की आतले सर्व पाळणे खुले, अशी पद्धत आली. १९९९ साली फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात एक नवी सोय झाली. पाळण्याजवळच्या यंत्रातून एक कागद घ्यायचा, त्यावर छापलेल्या वेळी परत यायचे. तोवर तुम्ही कुठेही हिंडा. रांगेत तुमच्या वतीने जणू तो कागद उभा असे. ही सोय विनामूल्य होती आणि प्रत्येक तिकीटधारकाला मिळत होती. २०२१ साली ती बंद करून तिच्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आली. फ्लोरिडात आरंभी तिचा दर माणशी दिवसाला १५ डॉलर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात आणखी एक पास निघाला. वेळ ठरवण्याचीही गरज नाही, हवे तेव्हा वेगळ्या वाटेने आत जा. त्याची किंमत आरंभी माणशी एका दिवसाला ४०० डॉलर होती, प्रवेशाचे तिकीट निराळे.

जे सर्वांना फुकट मिळत होते, ते पंचवीस वर्षांत थोड्यांना विकत मिळू लागले, एवढे या इतिहासाचे सार.

आता थोडे गणित. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम केलेले एर्लांग नावाचे डॅनिश गणिती होते. १९०९ साली त्यांनी टेलिफोनच्या संदर्भात जो निबंध लिहिला, त्यातून रांगांचे शास्त्र जन्माला आले. आपल्याला तेवढ्या खोलात जायला नको. समजा, एका पाळण्यात तासाला हजार माणसे बसू शकतात आणि रांगेत आठशे माणसे उभी आहेत. शेवटच्या माणसाला अठ्ठेचाळीस मिनिटे थांबावे लागेल. आता हजारांपैकी सहाशे जागा वेगळ्या वाटेने येणाऱ्यांना दिल्या. साध्या रांगेच्या वाट्याला चारशे उरल्या. त्याच आठशेव्या माणसाला आता दोन तास लागतील. पाळणा तोच, त्याचा वेगही तोच. पैसे भरणाऱ्याची वाचलेली वेळ कुठून पैदा झाली नाही. ती कठड्याच्या पलीकडच्या माणसाच्या खिशातून काढली गेली. त्या माणसाला कुणी विचारले नाही आणि त्या व्यवहारातला एक पैसाही त्याला मिळाला नाही. शिवाय साधी रांग जितकी लांब, तितका महागड्या तिकिटाचा खप अधिक. रांग छोटी करण्यात विक्रेत्याचे फारसे हित उरत नाही, हे ओघाने आलेच.

हे मी भाच्याला ऐकवले तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले. "मामा, आम्ही दोन वर्षं पैसे साठवून गेलो होतो. रजा एकच दिवस. धाकटी चार वर्षांची. तिला उन्हात दोन तास उभं करायचं? आणि हे काही रेशनचं धान्य नाही, पाळणा आहे. नाही बसलं तर कुणी उपाशी मरत नाही. निदान किंमत उघड लिहिलेली आहे. आपल्याकडे ओळखीनं पुढे जातात, ते बरं का?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाळणा म्हणजे भाकरी नव्हे. थकलेल्या बापाने लेकरासाठी चार पैसे जास्त मोजले, तर त्याला पापी ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण रेशनचा उल्लेख त्याने केला आणि माझे मन चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे गेले.

रॉकेलच्या रांगेत मी आईबरोबर उभा राहिलेला आहे. पहाटे डबा नेऊन ठेवायचा. डबा नसेल तर पिशवीवर दगड. दगडही माणसाच्या वतीने उभा राही आणि त्याचा नंबर कुणी मोडत नसे. पुढे शाळेतल्या बाई, मागे मीठागरावर राबणारा मजूर, त्याच्यामागे कोळीवाड्यातील एखादी आजी. त्या रांगेचे मी उगीच गोडवे गात नाही. तिथे भांडणे होत, शिव्या होत आणि कधी आपला नंबर येण्याआधीच टाकी रिकामी होई. दुकानाला मागचे दारही होते. कुणाचा डबा तिथून भरून जातो, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्या मागच्या दाराला लाज होती. डब्यावर फडके टाकून तो नेला जाई. आज त्या मागच्या दाराला पुढे आणून त्यावर पाटी लावली आहे आणि फडक्याच्या जागी सोनेरी पट्टी आली आहे. उघडपणा हा गुण आहे, हे मान्य. पण उघडपणाने निर्लज्जपणाचे न्याय्यपणात रूपांतर होत नाही.

त्याच रांगेत मी दुसरीही गोष्ट पाहिली. दिवस भरत आलेली बाई आली की रांग आपण होऊन बाजूला सरे. तापाने फणफणलेले पोर कडेवर असले की पुढचा म्हणे, "तू घे आधी." तेव्हा मागे राहिलेल्या कुणाला अपमान वाटत नसे. कारण तिथे रांग विकली जात नव्हती. ती दिली जात होती. गरज पाहून दिलेली वाट आणि किंमत घेऊन विकलेली वाट दिसायला सारखीच असतात. दोन्हीत कुणीतरी पुढे जातो, कुणीतरी मागे राहतो. पहिलीने रांगेतली माणसे एकमेकांच्या जवळ येतात; दुसरीने त्यांच्यामध्ये कठडा उभा राहतो.

हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ मायकेल सँडल यांनी २०१२ साली पैशाच्या मर्यादांवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे पहिले प्रकरणच पैसे देऊन रांग ओलांडण्याविषयी आहे आणि त्यात मनोरंजन उद्यानेही येतात. एका तत्त्वज्ञाला ग्रंथारंभी हा विषय घ्यावासा वाटला, यावरून तो केवळ पाळण्यांपुरता नाही हे उघड आहे.

माझ्यापुरता तर तो नाहीच. भाच्याचा शेवटचा प्रश्न मला बोचला होता. ओळखीने पुढे जाणारे कोण? गुरुदीक्षेनंतर मी जवळजवळ कोणत्याच रांगेत उभा राहिलेलो नाही. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, लग्नाच्या जेवणात, सगळीकडे "फादर, या, पुढे या" हे शब्द माझ्या स्वागताला तयार असतात. हा पांढरा झगा म्हणजे सोनेरी पट्टीच, तीही बिनपैशाची. लोक प्रेमाने पुढे करतात, हे खरे. पण प्रेमाने दिलेली वस्तू रोज घेता घेता ती आपल्या हक्काची वाटू लागते, हेही खरे.

आणि एक प्रसंग असा आहे, की जो मी विसरलो होतो. त्या मुलीच्या प्रश्नाने तो वर आला.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, पहाटेच्या मिस्सानंतर मी पापनिवेदनासाठी बसलो होतो. आठ-दहा जण रांगेत होते. त्यांत भाजी घेऊन मुंबईला जाणारी एक वृद्ध बाई होती. तिची टोपली बाहेर पायरीवर ठेवलेली होती. इतक्यात चर्चच्या छपरासाठी मोठी देणगी दिलेले एक गृहस्थ आले. आमच्या सेवकाने माझ्या कानाशी येऊन सांगितले, "फादर, साहेबांना लगेच निघायचंय." मी मान हलवली. पापनिवेदनात काय झाले, याविषयी धर्मगुरू कधीच काही सांगू शकत नाही. पण रांगेविषयी सांगू शकतो. त्यांना वेळ लागला. पडदा पुन्हा सरला तेव्हा म्हातारीची जागा रिकामी होती. तिच्या गाडीची वेळ झाली होती.

ईस्टरनंतर ती मला रस्त्यात भेटली. मीच विचारले. ती म्हणाली, "राहून गेलं, फादर. गाडी होती." एवढेच. तिच्या मनात राग नव्हता. जगात जागोजाग जे घडते, तेच देवाच्या दारी घडले, याचे तिला आश्चर्यसुद्धा वाटले नव्हते. आज विचार करतो तेव्हा तिचा तो आश्चर्य नसलेला चेहरा मला सर्वांत अधिक सलतो.

संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय मी सेमिनरीत अभ्यासला आहे आणि त्यावर कितीतरी प्रवचने दिली आहेत. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो, त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसायला सांगितले जाते. याकोब हा शिष्टाचाराचा दोष मानत नाही. श्रद्धेशी विसंगत असे वर्तन मानतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसृत केला, त्याच्या बत्तिसाव्या परिच्छेदात उपासनेमध्ये व्यक्तीला वा वर्गाला पाहून खास मान देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ते सांगण्याची गरज होती. युरोप-अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये एकेकाळी पुढची बाके वार्षिक भाड्याने दिली जात. त्याहून जुनी आणि अधिक दुःखद गोष्ट म्हणजे, दंडमुक्तीच्या नावाने पैसे गोळा करत हिंडणाऱ्यांचे पदच १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेला रद्द करावे लागले. तेव्हा रांग विकण्याची कल्पना मनोरंजन उद्यानांनी शोधून काढली, असे आपण तरी म्हणू नये.

योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याची कथा मी त्या रात्री पुन्हा वाचली. पाणी हलले की जो पहिला उतरेल तो बरा होईल, अशी तिथल्या रुग्णांची समजूत. एक मनुष्य अडतीस वर्षे आजारी. त्याचे म्हणणे एकच: मला पाण्यात उतरवायला कुणी नाही, मी सरकत जातो तोवर दुसरा माझ्या आधी उतरतो. सेमिनरीत हा उतारा आम्ही चमत्कार म्हणून शिकलो. आता तो मला रांगेचा वाटतो. प्रभूने त्याला उचलून इतरांच्या पुढे पाण्यात टाकले नाही. तसे केले असते तर आणखी एक जण मागे राहिला असता. प्रभूने तळ्याकडे पाहिलेदेखील नाही; जिथे तो पडला होता तिथेच त्याला उभे केले. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तातही मालक शेवटी आलेल्यांना आधी मजुरी देतो, पण ती स्वतःच्या थैलीतून. सकाळपासून राबलेल्यांच्या ठरलेल्या मजुरीतून तो काही कापून घेत नाही. देवाची कृपा क्रम मोडते, परंतु दुसऱ्याच्या खिशाला हात न लावता. सोनेरी पट्टीला हे जमत नाही.

पुढच्या सहलीच्या तयारीची बैठक नुकतीच झाली. सर्व मुलांना एकच तिकीट, मग ते साधे असो की महागडे, असे मी सुचवले. महागडे सर्वांना परवडणार नाही, हे उघडच होते. त्या उदार गृहस्थांना ते लागले. बैठक संपल्यावर ते थांबून म्हणाले, "फादर, माझ्या मुलाला चार क्षण सुखाचे देणं चुकीचं आहे का?" मी म्हणालो, "नाही. पण त्या दिवशी तो एकटा तुमचा मुलगा नव्हता. बावन्नांपैकी एक होता. त्याचे पाच मित्र निवडताना उरलेले शेहेचाळीस आपोआप निवडले गेले." मग मी त्यांना माझ्या मनगटावरच्या पट्टीविषयी आणि त्या भाजीवाल्या बाईविषयीही सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या महिन्यात त्यांचे नेहमीचे पाकीट आले नाही. पुढे येईल का, ते मला ठाऊक नाही. शाळेच्या पाण्याच्या टाकीचे काम अर्धे झाले आहे आणि कंत्राटदार दर आठवड्याला विचारतो. हा निर्णय फुकटात पडला, असे म्हणण्याची सोय नाही.

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेलो. बाहेर अकरा माणसे होती. कंपाउंडर नेहमीप्रमाणे उठला, "फादर, या." मी म्हणालो, "नंबर दे." त्याला प्रथम थट्टा वाटली. बाकावर शेवटची जागा मिळाली. तासभर बसलो. शेजारच्या माणसाचा मुलगा सहा महिने बेकार आहे, हे कळले. तो आमच्याच धर्मग्रामातला, दर रविवारी मागच्या बाकावर बसणारा. समोरच्या बाईला खोकला अनावर झाला, तेव्हा सर्वांनी तिला आधी आत पाठवले. कंपाउंडरला काही सांगावे लागले नाही.

पाचव्या नंबरावर ती सातवीतली मुलगी होती, आजीला घेऊन आलेली. तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या नंबराच्या चिठ्ठीकडे पाहिले आणि बारावा आकडा वाचून हसली.

"फादर, आज आम्ही आधी," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आज तुम्ही आधी."